नोकरी शोधणाऱ्या ग्रामीण युवकांसाठी खिशातील माहिती-कार्ड

वाशिम जिल्ह्यातील शेती प्रामुख्याने कोरडवाहू असून खरिपातील सोयाबीन व तूर आणि रब्बीतील हरभरा या पिकांवर ती अवलंबून आहे. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे लहान झाल्याने घरातील एकाने तरी बाहेर काम पाहावे, असे बहुतेक कुटुंबांना वाटते. मुले-मुली कृषी तंत्र निकेतनातून पदविका घेतात, आयटीआयमधून ट्रॅक्टर मेकॅनिक किंवा वायरमन होतात. परंतु अडत दुकान, कृषी सेवा केंद्र, बियाणे प्रक्रिया केंद्र किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे गोदाम येथील जागेची जाहिरात क्वचितच निघते. मालक चार ओळखीच्या लोकांना विचारतो, "कोणी चांगला पोरगा आहे का?" त्या वेळी तीन पानांचा बायोडेटा घरी पेटीत असतो. याकरिता खिशात मावणारे माहिती-कार्ड उपयुक्त ठरते.

पुण्यातील बावधन भागात घरकाम करणाऱ्या एका बाईंचे काम २०१९ साली सुटले, तेव्हा त्या जेथे काम करीत तेथील एका ताईंनी त्यांना असेच कार्ड करून दिले. झाडू-पोछा, भांडी, कपडे, पोळ्या अशी कामे व त्यांचे महिन्याचे दर त्यावर होते. कार्डाचा फोटो मोबाईलवरून देशभर पसरला आणि फोनचा अक्षरशः पाऊस पडला. काम नेमके लिहिले की ऐकणाऱ्याला विचार करावा लागत नाही, हे यातून दिसते. मात्र एकदा बाहेर गेलेला नंबर परत घेता येत नाही, हेही लक्षात ठेवावे.

कार्ड कसे तयार करावे?

कार्डाचा आकार ९ × ५.५ सें.मी. ठेवावा. ए-४ आकाराच्या जाड कागदावर अशी दहा कार्डे बसतात, त्यामुळे तालुक्याच्या झेरॉक्स दुकानातही ती काढता येतात. कागद पांढरा व अक्षर काळे असावे. लॅमिनेशन करू नये, कारण गुळगुळीत कार्डावर पेनाने लिहिता येत नाही आणि मालकाला त्यावर काहीतरी टिपून ठेवायचे असते. मोबाईल नंबर ठळक व इंग्रजी आकड्यांत छापावा.

पुढील बाजूस नाव, गाव व तालुका, शिक्षण आणि नंबर एवढेच पुरे. खरी जागा मागील बाजूची आहे. तेथे "मेहनती, होतकरू, प्रामाणिक" असे शब्द घालण्याचा मोह होतो. ते सर्वच लिहितात, म्हणून ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी हाताने केलेली तीन कामे लिहावीत. उदाहरणार्थ, कृषी पदविकाधारकाच्या कार्डाची मागील बाजू अशी असू शकेल:

सोयाबीन बियाण्याची उगवण चाचणी करता येते.
आर्द्रतामापक यंत्र वापरता येते. धान्याची आवक-जावक नोंदवही लिहिता येते.
घरच्या शेतावर दोन हंगाम ठिबक संच बसविणे व दुरुस्ती.

सोयाबीन बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते. ही चाचणी येणारा माणूस बियाणे प्रक्रिया केंद्राला हवाच असतो. तसेच कीटकनाशक विक्रीच्या परवान्यासाठी शैक्षणिक पात्रता आवश्यक झाली आहे, म्हणून कृषी सेवा केंद्राकडे द्यावयाच्या कार्डावर पदविका किंवा पदवी सर्वांत वर असावी. ट्रॅक्टर दुरुस्ती, फवारणी अशा सुट्या कामांचा दर जरूर लिहावा. पगारी नोकरीसाठी अपेक्षित पगार मात्र लिहू नये. तो समोरासमोर ठरतो.

आधार क्रमांक, जन्मतारीख, बँक खाते व पूर्ण पत्ता कार्डावर कदापि देऊ नये. मुलींनी कार्डासाठी वेगळे सिम घेतल्यास बरे. वडिलांचा नंबर देण्याची पद्धत आहे, पण बोलावणे शेतात नांगर धरलेल्या वडिलांना येते आणि निरोप संध्याकाळी पोहोचतो. नोकरी लावून देण्यासाठी आधी पैसे मागणारा फोन आल्यास तेथेच बोलणे थांबवावे.

कोठे व केव्हा द्यावे?

पालकांनीही पाच कार्डे स्वतःच्या खिशात ठेवावीत. कारंजा, वाशिम, रिसोड येथील बाजार समितीत माल नेताना मुलापेक्षा वडिलांची ओळख अधिक असते. करडा येथील कृषी विज्ञान केंद्राचे मेळावे आणि अकोल्यात विद्यापीठात भरणारी शिवार फेरी येथे कंपन्यांचे प्रतिनिधी भेटतात. सर्वांना वाटत सुटू नये. दोन मिनिटे बोलून, काय काम येते ते सांगून मगच कार्ड द्यावे. कोणाला, कोठे व कोणत्या तारखेस दिले ते वहीत लिहावे.

सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढते, म्हणून गोदाम व अडतीच्या कामासाठी पोळ्यानंतर लगेच फिरावे. आठ-दहा दिवसांत फोन न आल्यास एकदा स्वतः जाऊन यावे. लिलावाच्या गर्दीत मालकाला गाठू नये. मोजमाप आटोपून तो गादीवर टेकला की मग बोलावे.