पडदा काळा, पण फायली शाबूत

सुदुंबरे म्हटले की संताजी महाराज जगनाडे आठवतात. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक. तुकोबांचे अभंग त्यांनी लिहून ठेवले. त्यांची समाधी याच गावात आहे. लिहिलेले जपावे, हा धडा संगणक बिघडल्यावरही उपयोगी पडतो.

समजा, लिनक्सचा लॅपटॉप सुरू केला आणि बोधचिन्हानंतर पडदा काळा झाला. किंवा पासवर्ड दिल्यावर पुन्हा लॉगिनचीच चौकट आली. अशा वेळी ‘फॉरमॅट मारून टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकला तर प्रकल्प, फोटो, हिशेब सगळेच जाऊ शकते.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. लिनस टोरवाल्ड्स यांनी तो १९९१ मध्ये तयार केला. पडद्यावर खिडक्या दाखवण्याचे काम मात्र ‘एक्स’ किंवा ‘वेलँड’ या वेगळ्या यंत्रणेचे. ग्राफिक्स कार्डाशी बोलतो तो ड्रायव्हर. त्यामुळे चित्र गेले तरी संगणक बहुधा चालूच असतो आणि फायली जागेवर असतात.

आधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा. अक्षरांचा लॉगिन दिसला तर गाभा ठीक आहे. तेथे ‘डीएफ -एच’ ही आज्ञा इंग्रजी छोट्या अक्षरांत द्या. डिस्क शंभर टक्के भरली असेल, तर लॉगिनचे चक्र त्यामुळेही सुरू होते. ‘जर्नलसीटीएल -बी’ ही आज्ञा सुरुवातीपासूनच्या नोंदी दाखवते. त्यात ‘एरर’ शोधा.

अपडेटनंतर बिघाड झाला असेल, तर सुरू होताना एस्केप किंवा शिफ्ट दाबून ‘ग्रब’ यादी उघडा आणि जुना कर्नल निवडा. एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलशी न जुळणे, हे नेहमीचे कारण आहे. तेही जमले नाही तर याच यादीत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ लिहा आणि एफ-१० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो. पडदा दिसला तर दोष ड्रायव्हरचा समजावा आणि तो पुन्हा बसवावा.

काहीच चालले नाही, तरी पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून फायली दुसरीकडे उतरवता येतात. डिस्क कुलूपबंद असेल तर तिचा पासवर्ड मात्र हवा. आधी प्रत, मग दुरुस्ती. फॉरमॅट सर्वांत शेवटी.