विश्लेषण : चंद्राच्या छायाचित्रांत ‘वास्तू’ दिसतात, त्या खऱ्या असतात का?

चंद्रावर मनोरे, पूल, घुमट असल्याचे दाखवणारी छायाचित्रे मोबाइलवर अधूनमधून फिरत असतात. सोबत ‘अंतराळ संस्थांनी दडवलेले सत्य’ असा मजकूरही असतो. लातूर जिल्ह्यातील देवणीच्या चौकात असो की मुंबईच्या लोकलमध्ये, ती सारख्याच कुतूहलाने पाहिली जातात. अशा एकाही ‘वास्तू’चे अस्तित्व आजवर सिद्ध झालेले नाही. मात्र, चंद्राच्या छायाचित्रात खरोखरच मानवनिर्मित वस्तू शोधून काढणारा एक भारतीय आहे. मग फरक कुठे पडतो?

हे दावे किती जुने?

छायाचित्रणाच्या आधीपासूनचे. बव्हेरियाचे खगोलनिरीक्षक फ्रान्झ फॉन ग्रुइथुइसेन यांनी १८२४ मध्ये चंद्रावर तटबंदीचे शहर दिसल्याचे जाहीर केले. अधिक चांगल्या दुर्बिणींतून पाहिल्यावर ते नैसर्गिक उंचवटे निघाले. १८३५ मध्ये ‘न्यूयॉर्क सन’ या दैनिकाने चंद्रावर पंख असलेली माणसे राहतात, अशी बनावट लेखमालाच छापली. १९५३ मध्ये अमेरिकी विज्ञान पत्रकार जॉन ओ’नील यांना ‘मारे क्रिसियम’ या प्रदेशाच्या कडेला प्रचंड पूल दिसला. तोही उजेड-सावलीचा खेळ होता.

१९६६ चे ‘मनोरे’ काय होते?

नोव्हेंबर १९६६ मध्ये अमेरिकेच्या ‘लूनर ऑर्बिटर २’ यानाने टिपलेल्या एका छायाचित्रात टोकदार, लांबलचक सावल्या दिसल्या. त्यांच्या रचनेत काहींना भूमिती दिसली आणि ‘चंद्रावरील स्तंभ’ ही चर्चा सुरू झाली. वास्तविक त्या वेळी तेथे सूर्य क्षितिजाच्या जवळ होता.

याचा पडताळा देवणीच्या शिवारात कोणत्याही संध्याकाळी घेता येतो. सूर्य क्षितिजापासून ५ अंशांवर असताना साडेपाच फूट उंचीच्या माणसाची सावली ६० फुटांहून लांब पडते. नांगरलेल्या रानातले ढेकूळही तेव्हा लांब काळी रेघ ओढते. सावली उतारावर पडली तर आणखी लांबते. चंद्रावर हवा नसल्याने सावल्या अधिक गडद आणि धारदार दिसतात. त्यामुळे साधा खडकही वरून पाहताना मनोऱ्यासारखा भासू शकतो.

डोळे फसतात कसे?

अस्पष्ट आकारात ओळखीची गोष्ट शोधणे ही मेंदूची सवय आहे. देवणी गोवंशातील ‘शेवरा’ प्रकारच्या जनावराच्या पांढऱ्या अंगावर वेडेवाकडे काळे ठिपके असतात. त्यात कोणाला ढग दिसेल, कोणाला नकाशा. चंद्रावरचे डाग म्हणजे थिजलेल्या लाव्हाची काळसर मैदाने. मराठवाड्याच्या काळ्या पाषाणासारखाच तोही बेसाल्ट. त्यात आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ससा दिसत आला आहे.

याचे ताजे उदाहरण चीनचे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला फिरणाऱ्या ‘युतू-२’ या बग्गीला २०२१ च्या अखेरीस क्षितिजावर चौकोनी आकार दिसला. ‘गूढ झोपडी’ म्हणून तो जगभर गाजला. जानेवारी २०२२ मध्ये बग्गी जवळ गेली, तेव्हा तो लहानसा खडक निघाला.

छायाचित्राचे तंत्रही यात भर घालते. लूनर ऑर्बिटर यानांतील फिल्म यानातच धुऊन पट्ट्यापट्ट्यांनी पृथ्वीवर पाठवली जाई; त्या पट्ट्यांचे जोड सरळ रेषांसारखे दिसतात. आज मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाठवून दर्जा घसरलेले चित्र मोठे केले, की त्यात चौकोनी ठोकळे उमटतात. तीच मग ‘इमारत’ ठरते.

मग खरी वस्तू कशी सापडली?

चांद्रयान-२ चा ‘विक्रम’ लँडर ७ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे चंद्रावर आदळला. ‘नासा’च्या ‘एलआरओ’ यानाने १७ सप्टेंबरला त्या भागाची छायाचित्रे घेतली आणि ती सर्वांसाठी खुली केली. चेन्नईतील अभियंता शण्मुग सुब्रमणियन यांनी ती घरबसल्या त्याच जागेच्या जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिली. पूर्वी नसलेला एक चमकदार ठिपका त्यांना आढळला. त्यांनी ‘नासा’ला कळवले. शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमधील नवी छायाचित्रे तपासली आणि २ डिसेंबरला शोधाला दुजोरा दिला. तो तुकडा मुख्य आघातस्थळाच्या वायव्येस सुमारे ७५० मीटरवर होता.

तो ठिपका कशासारखाही ‘दिसत’ नव्हता. तो आधी तिथे नव्हता, हाच पुरावा होता. शिवाय, इतरांनी तपासल्यावरही तो टिकला.

दडवणे शक्य आहे का?

चंद्राची छायाचित्रे आता एकाच देशाच्या हातात नाहीत. अमेरिका, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया या सर्वांची याने चंद्राभोवती फिरली आहेत. ‘एलआरओ’च्या सर्वांत स्पष्ट छायाचित्रांत एक ठिपका साधारण अर्धा मीटर जागा दाखवतो, चांद्रयान-२ चा कॅमेरा त्याहूनही बारीक तपशील टिपतो. या दोन्ही यानांच्या छायाचित्रांत १९६९ च्या अपोलो ११ मोहिमेचा चंद्रावर राहिलेला भाग दिसतो. त्याच्या मुख्य सांगाड्याची रुंदी जेमतेम ४ मीटर आहे. तो दिसत असेल, तर किलोमीटरभर उंचीचा मनोरा सर्व देशांच्या नजरेतून सुटणे कठीण आहे.

असे छायाचित्र आल्यास काय तपासावे?

पहिले, ते कोणत्या यानाचे, कोणत्या तारखेचे आणि चंद्रावरील नेमक्या कोणत्या जागेचे आहे? ही माहिती नसेल, तर पडताळणीच होत नाही. दुसरे, उजेड कोणत्या बाजूने येतो? मोबाइल उलटा धरून पाहावे. ‘घुमट’ अनेकदा खड्डा असल्याचे लक्षात येते. तिसरे, त्याच जागेचे वेगळ्या वेळचे छायाचित्र पाहावे. सावली बदलली की नैसर्गिक उंचवट्याचा ‘मनोरा’ नाहीसा होतो. खरी वस्तू मात्र जागच्या जागी राहते.

‘एलआरओ’ची छायाचित्रे इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. ‘इस्रो’नेही चांद्रयान-२ ची माहिती बंगळूरुजवळील आपल्या विदा केंद्रामार्फत खुली केली आहे. चेन्नईच्या अभियंत्याने वापरली तशी छायाचित्रे देवणीतील शाळेच्या संगणकावरही उघडता येतील.