ठिणगी-गुडदीच्या तारा, नौका-एंजिनांतील

पेट्रोलवर चालणाऱ्या नौका-एंजिनात निर्माण होणारा उच्च विद्युत् दाब ठिणगी-गुडदीपर्यंत, म्हणजेच स्पार्क प्लगपर्यंत, वाहून नेणाऱ्या निरोधक आवरणाच्या तारा. कारागिरांत त्या ‘प्लगची वायर’ या नावाने ओळखल्या जातात. डीझेल एंजिनात इंधन संपीडनाच्या उष्णतेने पेट घेत असल्याने त्यात ठिणगी-गुडदी व तिची तार नसते. कोकण किनाऱ्यावरील मोठ्या यांत्रिक मासेमारी नौका सामान्यतः डीझेलवर चालतात; तथापि हलक्या बचाव-नौकांच्या पाठीमागे बाहेरून बसविलेली आउटबोर्ड एंजिने बहुधा पेट्रोलची असतात.

मराठवाड्यासारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशात या तारांचे महत्त्व पूरप्रसंगी जाणवते. नांदेड जिल्ह्यातील बिलोली तालुक्याच्या सीमेवरून मांजरा नदी वाहते व पुढे गोदावरीस मिळते. याच जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अतिवृष्टीने गावे पाण्याने वेढली गेली, तेव्हा बचावकार्यासाठी राज्य आपत्ती प्रतिसाद दल व सैन्यदल यांची मदत घ्यावी लागली. अशा प्रवाहात एंजिन बंद पडल्यास नौका नियंत्रणाबाहेर जाते. दोन सिलिंडरांच्या एंजिनाची एक तार निकामी झाली, तरी त्याची निम्म्याहून अधिक उपयुक्त शक्ती नाहीशी होते.

रचना व कार्य : गोटलोप होनोल्ट यांनी १९०२ मध्ये बॉश कंपनीत उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार केला, तेव्हापासून ठिणगी-प्रज्वलनाची ही पद्धती रूढ झाली. पुढे आउटबोर्ड एंजिनांत धारित्र-विसर्जन पद्धती प्रचारात आली. तीत प्रचक्राखालील वेटोळ्याने धारित्र काही शे व्होल्टपर्यंत भारित होते व ठरलेल्या क्षणी ते प्रज्वलन-वेटोळ्यातून विसर्जित होते. तारेवरील दाब त्यामुळे हजारो व्होल्टपर्यंत चढतो. काही पद्धतींत तो ३०,००० व्होल्टच्याही पुढे जाऊ शकतो. तारेचा संवाहक तांब्याचा, कार्बनयुक्त धाग्याचा किंवा सर्पिलाकार गुंडाळलेल्या बारीक तारेचा असतो. शेवटच्या दोन प्रकारांमुळे रेडिओ संदेशवहनातील व्यत्यय कमी होतो. बाहेरील आवरण सिलिकोन किंवा अन्य कृत्रिम रबराचे असून दोन्ही टोकांस रबरी टोप्या असतात. अलीकडच्या काही एंजिनांत वेटोळे थेट गुडदीवरच बसविलेले असल्याने लांब तारा लागत नाहीत.

बिघाडाची कारणे : विद्युत् प्रवाह कमीत कमी अडथळ्याचा मार्ग शोधतो. सिलिंडरातील दाब जितका अधिक, तितका ठिणगी पडण्यास अधिक व्होल्टदाब लागतो. म्हणून मंद गतीत नीट चालणारी तार पूर्ण भार येताच गळू लागते. किनाऱ्यावर चाचणी घेताना निर्दोष वाटलेले एंजिन प्रवाहाविरुद्ध जाताना अडखळते, याचे हे एक कारण होय. खाऱ्या पाण्याचा थर किंवा पुराच्या पाण्यातील गाळ ओला असताना आवरणावर विद्युत् संवाहक पापुद्रा तयार होतो. त्यातून ठिणगी सरकत राहिल्यास कार्बनची काळी रेघ उमटते व पुढील गळतीस कायमची वाट मिळते. उच्च दाबाभोवती तयार होणाऱ्या ओझोनाने रबरास चिरा पडतात, उष्णतेने ते कडक होते, तर कंपनाने ते घासले जाते. वर्षभर गोदामात पडून राहणाऱ्या एंजिनांच्या तारा उंदीरही कुरतडतात. टोपीत पाणी शिरल्यास अग्रावर हिरवट गंज चढून रोध वाढतो.

तार गळणे हे केवळ शक्तिऱ्हासाचे कारण नव्हे. नौकेच्या आत बंद कक्षात बसविलेल्या पेट्रोल एंजिनाभोवती इंधनाची बाष्पे साचतात. ती हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतात. तेथे उघडी ठिणगी पडल्यास स्फोट संभवतो. लहान नौकांवरील विद्युत् उपकरणांसाठी आंतरराष्ट्रीय मानक ८८४६ आहे, ते याच धोक्यामुळे.

संरक्षण : टोपीच्या आतील बाजूस विद्युत् निरोधक सिलिकोन ग्रीसचा पातळ थर देतात, त्याने पाणी बाहेर राहते व टोपी चिकटत नाही. तार निष्कास नळी, इंधननळी व फिरते भाग यांपासून दूर ठेवून चिमट्यांनी बसवितात. ती काढताना तारेला न ओढता टोपी धरून किंचित पिळून काढतात. एंजिनाचे झाकण उघडे ठेवून जोराच्या फवाऱ्याने ते धुऊ नये. वापरानंतर शीतन मार्ग गोड्या पाण्याने धुतात, तारा कोरड्या फडक्याने पुसतात आणि एंजिन कोरड्या, उंदरांपासून सुरक्षित जागी ठेवतात.

चाचणी : प्रथम एंजिन बंद असताना तार वाकवून चिरा, काळ्या रेघा व गंज पाहतात. नंतर दोन्ही टोके सोडवून रोध मोजतात. कार्बन-संवाहक तारेचा रोध लांबीनुसार काही हजार ओहम, तर तांब्याच्या तारेचा जवळजवळ शून्य असतो. म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेतील मूल्य प्रमाण मानतात. मोजताना तार हलविली असता काटा उडाला, तर संवाहक आतून तुटलेला समजावा. रोधमापनाने आवरणाचा दोष मात्र कळत नाही. त्यासाठी उघड्या, हवेशीर जागी इंधनाचा वास नाही याची खात्री करून अंधारात एंजिन चालवितात व तारांवर पाण्याचा बारीक तुषार सोडतात. गळती असल्यास निळसर ठिणग्या दिसतात. या वेळी तारांना हात लावू नये. ठिणगीची तपासणी एंजिनाच्या धातूशी जोडलेल्या ठिणगी-परीक्षकाने करतात; तार मोकळी ठेवून एंजिन फिरविल्यास वेटोळ्याचे निरोधन फुटण्याची भीती असते. लांबी व जोडणी जुळत असल्यास दोन सिलिंडरांच्या तारा काढून त्यांची अदलाबदल करतात. दोष तारेबरोबर दुसऱ्या सिलिंडराकडे गेला, तर तारच सदोष ठरते.

बचाव-नौकांच्या बाबतीत ही चाचणी पावसाळ्यापूर्वी करणे व अतिरिक्त तारा, टोप्या आणि गुडद्या जलाभेद्य डब्यात नौकेवरच ठेवणे श्रेयस्कर असते. कारण एंजिन जेव्हा सर्वाधिक भाराखाली व सर्वाधिक ओले असते, तेव्हाच तारेचा सुप्त दोष प्रकट होतो.