बालकांचा जुनाट मलावरोध : धाक नको, धीर द्या

गोदावरीच्या खोऱ्यातील परभणी जिल्ह्यात पालमसारख्या तालुक्यात ज्वारीची भाकरी हे पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न. तरीही जेवणाऐवजी चहा-बिस्किटे, उन्हाळ्यात अपुरे पाणी आणि शाळेत शौचास जाण्याचा संकोच यांमुळे मुलांना मलावरोध जडू शकतो. अशा मुलास हट्टी ठरविले जाते, ही खेदाची गोष्ट होय.

भीतीचे चक्र

एकदा कठीण मल होताना वेदना झाल्या की मूल शौच रोखून धरते. साठलेल्या मलातील पाणी आतडे शोषून घेते. मल अधिकच कठीण होतो आणि भीती वाढते. पुढे आतडे ताणले जाऊन त्याची संवेदना मंदावते व पातळ मल नकळत कपड्यांत झिरपतो. पालकांना तो अतिसार वाटतो किंवा खोडी समजून मुलास मार बसतो. वस्तुतः यात मुलाचा दोष नसतो.

केवळ आईच्या दुधावरील बालकास काही दिवस शौचास झाले नाही, तरी मल मऊ असून बाळ नीट दूध पीत असल्यास सहसा चिंता नसावी. वरचे अन्न सुरू होताना, शौचाची सवय लावताना आणि शाळेत जाऊ लागताना हा विकार विशेषकरून उद्भवतो.

उपचार व आहार

साठलेला मल प्रथम डॉक्टरांच्या सल्ल्याने मोकळा करावा. त्यानंतर मल मऊ ठेवणारे औषध किमान दोन महिने द्यावे लागते. चार दिवस बरे वाटले म्हणून ते एकाएकी बंद करू नये. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. तेव्हा मुलास ५ ते १० मिनिटे शांतपणे शौचास बसवावे. भाकरी, डाळी, पालेभाज्या, पेरू, पपई व पुरेसे पाणी द्यावे. वर्षावरील मुलास दूध दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक नको. साबणाची कांडी व एरंडेल टाळावे. वर्षाच्या आतील बालकास मध मुळीच देऊ नये.

केव्हा थांबू नये?

जन्मानंतर ४८ तासांत पहिली काळी शी न होणे, हिरवी उलटी, फुगलेले पोट, वजन न वाढणे किंवा मलातून रक्त जाणे ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांत तपासणी करतात. त्यांना ही तक्रार निःसंकोच सांगावी. औषधाइकाच पालकांचा धीरही मुलास बरे करतो.