राखीव खेळाडूंनाही मैदानात उतरवा



एप्रिलमध्ये जयंतीसाठी चाकरमानी गावी येतात आणि रत्नागिरीच्या बौद्धवाड्यांत कबड्डीचे सामने रंगतात. प्रथमोपचाराची पेटी घेऊन आम्ही मैदानाच्या कडेला बसतो. बहुतेक वेळा चित्र एकच असते. पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत तेच सात जण खेळतात आणि राखीव पाच जण पाण्याच्या बाटल्या सांभाळतात.

नियमात बारा जणांचा संघ उगाच ठेवलेला नाही. पूर्ण सामना 20-20 मिनिटांचा असतो. गावच्या स्पर्धेत वेळ कमी केली तरी एका रात्रीत दोन-तीन सामने होतात. सतत चढाई करणाऱ्याच्या मांड्या थकतात. गुडघ्याला आधार देतात ते हेच स्नायू. ते थकले की पाय वेळेवर वळत नाही, गुडघा पिरगळतो आणि आतला अस्थिबंध फाटू शकतो. त्यात कोकणातली दमट हवा. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये सॅन अँटोनियो स्पर्स या संघाने 2013-14 च्या हंगामात वेगळा मार्ग धरला. तिथला सामना 48 मिनिटांचा, पण त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांपर्यंत गेली नाही. राखीव खेळाडूंवर विश्वास टाकून मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. अंतिम मालिकेत त्यांनी मायामी हीटला 4-1 असे हरवले.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. वीणेची तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही, हे तथागतांनी सोण भिक्खूला समजावले होते.

मंडळांनी एवढे करावे:

• सोप्या सामन्यात आघाडी मिळाली की मुख्य चढाईपटूला बाहेर बसवा. राखीव मुलांना सुरुवातीच्या फेऱ्यांतच खेळवा. थेट अंतिम सामन्यात उतरवले तर ती बावरतात.
• दोन सामन्यांच्या मध्ये पाणी, कोकम सरबत किंवा पेज द्या. फार घाम गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजा.
• डोक्याला मार लागून चक्कर, उलटी किंवा गोंधळल्यासारखे झाले, तर त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, डॉक्टरांना दाखवा.
• अंग तापले आणि मुलगा असंबद्ध बोलू लागला, तर सावलीत किंवा मोकळ्या हवेत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा.
• मुलींच्या संघात कोणी लवकर धापा टाकत असेल, तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.
• गुडघा सुजला असेल तर स्प्रे मारून खेळवू नका.

"मला बसवलं म्हणजे माझा अपमान," असे मुले म्हणतात. त्यांना घरच्यांनीच समजावावे. आपल्या वाडीतला चढाईपटू दुसऱ्या दिवशी गवंड्याच्या हाताखाली किंवा बंदरावर कामाला जातो. चषक विहारात राहतो. मोडलेला गुडघा मात्र घरी येतो आणि चूल त्याच पायांवर पेटते. शिवाय बाकावरच्या मुलाला संधी मिळाली, तर पुढच्या जयंतीला वाडीकडे एकाऐवजी दोन चढाईपटू असतील.