सात लोह, नऊ गंधक आणि मधला एक अणू

हरभऱ्याचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, तर आत गुलाबी रंग दिसतो. त्या गाठीतले रायझोबियम जिवाणू हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवतात, तेही मातीच्या साध्या तापमानाला. खत कारखान्यात याच कामासाठी ४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या शंभर पटींहून जास्त दाब लागतो. जिवाणूंमध्ये हे काम नायट्रोजनेज हे विकर करते. त्याच्या गाभ्यात सात लोह, नऊ गंधक आणि एक मॉलिब्डेनम अशा अणूंचा झुबका असतो.

या झुबक्याची रचना १९९२ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील डग्लस रीस यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. तेव्हा मधोमध पोकळी दिसत होती. २००२ मध्ये चित्र अधिक स्पष्ट झाले आणि पोकळीत एक हलका अणू सापडला. भोवतालच्या जड अणूंच्या लहरींमुळे आधीच्या चित्रात नेमका तोच पुसला गेला होता. तो कार्बन आहे, हे ठरायला २०११ उजाडले.

दरम्यान रसायनशास्त्रज्ञ असे झुबके प्रयोगशाळेतच बनवू लागले होते. अमेरिकेतील रिचर्ड होम यांनी १९७२ मध्ये चार लोह आणि चार गंधकांचा घन बनवून त्याची रचना निश्चित केली. असाच घन अनेक विकरांत आढळतो. बनवण्यापेक्षा तपासणे अवघड, कारण हवेतला ऑक्सिजन लागला की नमुना खराब होतो. म्हणून सगळे काम हवाबंद पेटीत चालते. गंमत म्हणजे ती बहुधा नायट्रोजननेच भरलेली असते! तिथे वाढवलेला स्फटिक तेलाच्या थेंबात धरून थंड वायूच्या झोतात ठेवतात आणि त्यावर क्ष-किरण सोडतात. किरण कसे विखुरतात, त्यावरून अणूंच्या जागा कळतात. कोणत्या लोहावर किती विद्युतभार आहे, हे मात्र त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी गॅमा किरणांची मॉसबाउअर चाचणी करावी लागते.

जपानमधील यासुहिरो ओकी यांच्या गटाने २०२२ मध्ये तीन मॉलिब्डेनम, चार गंधक आणि एका लोहाचा घन वापरून नायट्रोजनचे रूपांतर घडवून आणले. त्यातून थेट अमोनिया मिळाला नाही, सिलिकॉनयुक्त अमाइन मिळाले आणि त्यासाठी तीव्र क्षपणकही लागला. तरीही नायट्रोजन लोहाच्या अणूवर पकडला जातो, या तर्काला त्यातून बळ मिळाले. मध्यभागी कार्बन असलेल्या मूळ झुबक्याची हुबेहूब नक्कल मात्र चंचुपात्रात अजून उतरलेली नाही.