दाण्यातले विष आणि केसाएवढी फळी

भुईमुगाचे दाणे खाता खाता एखादा नेमका खवट निघतो, हा अनुभव आपल्या सर्वांचा आहे. आपण तो थुंकतो, चूळ भरतो आणि पुढचा दाणा उचलतो. जीभ आपली राखण करते. पण जिभेला कळत नाही, नाकाला वास येत नाही आणि डोळ्यांना दिसत नाही, असे काही दाण्यात असले तर?

असे एक विष आहे. त्याचे नाव अफ्लाटॉक्सिन. दमट राहिलेल्या शेंगांवर, मक्यावर, सरकीवर हिरवट-पिवळी बुरशी धरते. तीच हे विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की कोंबड्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले पटापट मेली. शोध घेता घेता माग लागला तो त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीचा. त्यातूनच या विषाची ओळख पटली.

आपल्या देशातही याचा घाला पडलेला आहे. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या भागांत अवेळी पावसाने मका भिजला. घरात दुसरे धान्य नाही, म्हणून आदिवासी कुटुंबांनी तोच बुरसलेला मका खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरले आणि शंभरावर माणसे दगावली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर लगेच काही दिसत नाही. पण यकृताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो.

हे विष गोठ्यातही शिरते. बुरसलेली पेंड गाई-म्हशीला घातली की त्याचा अंश दुधात उतरतो. दूध उकळले तरी तो जात नाही.

शंभर टँकरांत एक चिमूट

आपल्याकडील नियमाप्रमाणे एक किलो दुधात या विषाचा अंश अर्ध्या मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. हे किती, ते पाहू. वीस हजार लिटरचे शंभर टँकर रांगेत उभे केले आणि त्या सगळ्या दुधात मिळून एक ग्रॅम, म्हणजे मिठाची चिमूटभर, विष मिसळले, तर ही मर्यादा गाठली जाते. एवढेसे ओळखायचे कसे? मोठ्या प्रयोगशाळेत ते ओळखता येते. पण तिथे नमुना पाठवून उत्तर येईपर्यंत दूध पिऊन झालेले असते.

म्हणून शास्त्रज्ञ अशा साधनाच्या मागे लागले, की जे लहान असेल, स्वस्त असेल आणि जागच्या जागी उत्तर देईल.

वाकणारी फळी

विहिरीत सूर मारण्यासाठी काठावर फळी बसवतात. तिचे एक टोक घट्ट, दुसरे मोकळे. पोर टोकावर उभे राहिले की फळी वाकते. आता तशीच एक फळी सिलिकॉनची बनवली आहे असे समजा. लांबी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा थोडीच जास्त. आणि जाडी केसाच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी!

अशी पट्टी १९८६ सालच्या एका नव्या सूक्ष्मदर्शकात आली. ती पृष्ठभाग चाचपून त्याचा आकार सांगत असे. पुढे १९९४ साली अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेतील संशोधकांनी दाखवले की, हवेतील दमटपणा बदलला तरी पट्टी आपोआप वाकते. कामात अडथळा आणणारी ही खोडच त्यांनी उपयोगी ठरवली.

ते कसे? पट्टीच्या एकाच बाजूवर असा थर देतात, की ज्याला फक्त ठरावीक पदार्थच चिकटावा. कुलपाला एकच किल्ली लागावी तसा. तो पदार्थ आला की कण त्या बाजूवर दाटीने बसतात. त्या बाजूला ताण येतो आणि पट्टी वळते. उन्हात घातलेला पापड वरच्या बाजूने आधी वाळला की कडा वळवतो, तसेच हे. पट्टीचे वळणे मिलिमीटरच्या काही लाखांश भागांइतकेच असते. पण तिच्यावर पडून परतणाऱ्या प्रकाशकिरणाच्या सरकण्यावरून किंवा विजेच्या प्रवाहातील फरकावरून ते मोजता येते.

२०१३ साली इटलीतील संशोधकांनी अशाच पट्ट्यांवर अफ्लाटॉक्सिन पकडून दाखवले. आपल्याकडे पवईच्या आयआयटीतील संशोधनातून अशा सूक्ष्म संवेदकावर चालणारे ‘नॅनोस्निफर’ हे यंत्र तयार झाले. एप्रिल २०२१ मध्ये ते पुढे आले. ते शोधते मात्र स्फोटके, दाण्यातील विष नव्हे.

मग ही फळी डेअरीच्या दारात का नाही? कारण ती फार हळवी आहे. ऊन वाढले तरी ती वळते. दुधातील स्निग्धांश तिला चिकटतो आणि द्रवात तिची हालचाल मंदावते. हे अडथळे दूर करण्याचे काम चालू आहे.

सोन्याची लाल रेघ

दरम्यान तिचे एक भावंड कामाला लागले आहे. गर्भ राहिला की नाही हे पाहण्याची कागदी पट्टी आता खेड्यापाड्यांतही पोहोचली आहे. तिच्यावरची लाल रेघ बहुधा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांची असते. सोने इतके बारीक केले की ते पिवळे न राहता लाल दिसते. याच तत्त्वावरच्या पट्ट्या दुधातील आणि धान्यातील अफ्लाटॉक्सिनसाठीही निघाल्या आहेत. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने २०१६ साली पंधरा मिनिटांच्या आत उत्तर देणारी पट्टी तयार केली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी: या पट्ट्यांत बहुधा विष असले की रेघ फिकी पडते किंवा उमटतच नाही. गर्भाच्या पट्टीच्या हे नेमके उलट आहे. आपल्या दूध संस्थेत अशी तपासणी होते का, हे सभासदांनी जरूर विचारावे.

आपल्या हातात काय?

यंत्र विष दाखवील, काढणार नाही. ते होऊच नये म्हणून शेंगा भरण्याच्या वेळी, जमल्यास, पाण्याचा ताण पडू देऊ नये. काढणीनंतर शेंगा वेलासह ढिगात दडपून ठेवू नयेत. शेंग हलवल्यावर आत दाणा खुळखुळेपर्यंत वाळवावे. फोडायला सोपे जावे म्हणून शेंगांवर पाणी मारू नये. पोती ओलसर जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचावीत.

निवडताना काढलेले बुरसलेले, सुरकुतलेले, फुटके दाणे तेलाला किंवा गोठ्यात जाऊ देऊ नयेत. वाया जातील म्हणून जनावरापुढे टाकलेले ते दाणे संध्याकाळच्या दुधातून आपल्याच पोरांच्या पेल्यात परत येतात.